मुलूखगिरीपासून स्वराज्यापर्यंत : देउस्कर घराण्याचे देशांतर

१

वाङ्मयाचे इतिहास भाषेच्या सीमा धरून लिहिले जातात. ही सोय अपरिहार्य आहे, हे खरे. परंतु या सोयीची किंमत काही लेखकांना द्यावी लागते. मराठीत लिहिले नाही म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा नसते, आणि ज्या भाषेत त्यांनी लिहिले त्या भाषेच्या वाचकाला त्यांच्या आडनावामागचा इतिहास वाचता येत नाही. दोन्ही वह्यांत नाव आहे, पण दोन्ही ठिकाणी हिशेब अपुरा आहे, अशी त्यांची अवस्था होते. सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) हे अशा लेखकांतील एक ठळक नाव होय.

बंगालमध्ये देउस्करांची ओळख ‘देशेर कथा’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून आहे. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांचे बंगालमधील एक स्नेही व अनुयायी एवढ्यापुरता त्यांचा उल्लेख होतो. हिंदीच्या अभ्यासकाला ते ‘आज’कार बाबूराव विष्णू पराडकर यांचे मामा म्हणून माहीत असतात. तीन भाषांनी एका माणसाच्या तीन बाजू वाटून घेतल्या आहेत. त्या एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे असे दिसते की, हा एका व्यक्तीचा चरित्रविषय नसून एका घराण्याच्या देशांतराचा विषय आहे. कोकणातून निघालेले एक घराणे अठराव्या शतकात पूर्वेकडे जाते, दीड शतक परक्या भाषेच्या प्रदेशात नांदते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात येऊन त्या प्रदेशाच्या भाषेत असा ग्रंथ देते की सरकारला त्याची भीती वाटावी. या प्रवासात घराण्याने बरोबर काय नेले, वाटेत काय टाकले, आणि जेथे पोहोचले तेथे काय दिले, हे पाहण्यासारखे आहे.

२

देउस्करांचे पूर्वज मूळचे रत्नागिरीकडील देऊस या गावचे. आडनाव या गावावरूनच आले. मराठी सत्तेचा विस्तार होत असता अठराव्या शतकात हे घराणे तेथून निघाले आणि वैद्यनाथाच्या देवघरजवळ करौं या गावी स्थायिक झाले. पुढे ज्याला संताळ परगणा असे नाव पडले, तो हा डोंगराळ मुलूख.

घराण्याचे हे स्थलांतर समजून घ्यावयाचे तर तो काळ डोळ्यांसमोर आणावा लागतो. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर छोटा नागपूरच्या रानांतून बंगालमध्ये उतरले. त्याच वर्षी गंगेकाठी काटव्याच्या परिसरात त्यांनी दुर्गापूजा मांडली असता नवाब अलीवर्दीखानाने रात्री नदी ओलांडून छापा घातला. १७४३ मध्ये रघूजींना आवर घालण्यासाठी खुद्द पेशवे बाळाजी बाजीराव बिहारमार्गे बंगालच्या सीमेत शिरले. म्हणजे मराठ्यांच्या दोन फौजा एकाच वेळी एकाच प्रांतात, परस्परांच्या विरोधात वावरत होत्या. १७४४ मध्ये भेटीच्या निमित्ताने भास्कररामांना मानकरा येथे बोलावून ठार करण्यात आले. मोहिमा तरीही थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने ओरिसाचा वसूल व बंगालच्या चौथाईपोटी सालीना १२ लाख रुपये भोसल्यांना मिळाले, तेव्हा कोठे हे प्रकरण मिटले.

फौजेबरोबर केवळ शिपाई जात नसत. कारकून, हिशेबनीस, भिक्षुक, वैद्य, सावकार यांचा एक मोठा लवाजमा मराठी सत्तेच्या मागोमाग हिंदुस्थानभर पसरला. ज्यांच्या वाट्याला तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर आली त्यांच्या मराठीला राजाश्रय मिळाला. तंजावरात तर मराठी राजांनी ग्रंथसंग्रह जोपासले आणि नाटके लिहिली. पूर्वेकडे गेलेल्यांचे नशीब निराळे होते. बंगालमध्ये मराठ्यांनी राज्य स्थापिले नाही. दरबार नाही, दप्तर नाही, पाठशाळा नाही. करौंसारख्या गावी राहिलेल्या घराण्याला मराठी टिकवावयाची असेल तर ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि व्रतवैकल्यांत टिकवावी लागणार होती. देशांतराचे हे दोन प्रकार निरनिराळे ओळखले पाहिजेत. राजाश्रयाखालच्या मराठीने स्वतःचे वाङ्मय निर्माण केले. निराश्रित मराठीला दुसऱ्या भाषेच्या आश्रयाला जावे लागले. देउस्कर घराण्याचा इतिहास हा दुसऱ्या प्रकारातला आहे.

३

ज्या प्रदेशात हे घराणे राहिले त्या प्रदेशाच्या मनात मराठ्यांविषयी काय होते? ‘बारगीर’ हा मराठी लष्करातील साधा पारिभाषिक शब्द. स्वतःचे घोडे घेऊन चाकरीस येतो तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. बंगालीत या शब्दाचे ‘बर्गी’ झाले, आणि त्याचा अर्थ झाला लुटारू. मुलाला निजवताना आईने ज्याची भीती घालावी असा हा बर्गी बंगाली अंगाईगीतात जाऊन बसला आणि आजही तेथेच आहे. गंगाराम या समकालीन कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात या स्वाऱ्यांचे वर्णन केले. त्याची रचना लक्षणीय आहे. पृथ्वीवर पाप माजले म्हणून शिवाने मराठ्यांना धाडले, असा आरंभ होतो. पण त्यांनी गोब्राह्मण व स्त्रिया यांच्यावर अत्याचार केले तेव्हा भवानी त्यांच्यावर रुष्ट झाली, असा पुढचा भाग आहे. जिच्या नावाने मराठे लढत ती देवताच या काव्यात त्यांना सोडून जाते.

कलकत्ता शहराच्या भूगोलातही या भीतीची खूण उरली. १७४२ मध्ये रहिवाशांच्या मागणीवरून कंपनीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाला, आणि मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत, म्हणून काम तेथेच थांबले. हा ‘मराठा डिच’. पुढे १७९९ मध्ये तो बऱ्याच अंशी बुजवून त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. बागबाजारातील ‘मराठा डिच लेन’ या गल्लीने ते नाव नंतरही सांभाळले. एका न झालेल्या स्वारीने शहराला एक प्रशस्त रस्ता दिला, असे म्हणता येईल.

अशा प्रदेशात मराठी नाव धारण करून पिढ्यान्‌पिढ्या राहणे ही साधी गोष्ट नव्हे. एकीकडे घरातील बखरींचा, पोवाड्यांचा, शिवाजी महाराजांच्या कथांचा वारसा, आणि दुसरीकडे शेजारच्या घरातील अंगाईगीत. एकाच इतिहासाच्या या दोन वाचनांच्या मध्ये देउस्कर घराण्याचा संसार झाला. सखाराम गणेशांच्या लेखनाची सगळी प्रेरणा या मध्यस्थानात आहे.

४

सखाराम गणेश देउस्करांचा जन्म १७ डिसेंबर १८६९ रोजी करौं येथे झाला. पाच वर्षांचे असता त्यांची आई वारली आणि त्यांचे संगोपन आत्याने केले. ही आत्या मराठी साहित्याची चांगली जाणकार होती. मराठी वाङ्मयेतिहासाने या अनामिक स्त्रीची नोंद घेतलेली नाही, आणि त्याला तशी सोयही नाही. परंतु महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, दीडशे वर्षांच्या खंडानंतर, एका पोरक्या मुलाला मराठी वाचता यावे व मराठ्यांचा इतिहास स्वतःचा वाटावा हे ज्या संस्कारामुळे घडले तो संस्कार तिचा होता. ज्यांना राजाश्रय नाही त्यांची भाषा बहुधा स्त्रियाच सांभाळतात. येथेही तसेच झाले.

घराबाहेरचे शिक्षण मात्र बंगाली वातावरणात झाले. देवघर त्या काळी हवापालटासाठी येणाऱ्या बंगाली भद्रलोकांचे आवडते स्थान होते. राष्ट्रीय वृत्तीचे ज्येष्ठ विचारवंत राजनारायण बसू, अरविंद घोष यांचे मातामह, तेथेच येऊन राहिले होते आणि १८९९ मध्ये तेथेच निवर्तले. १८९१ मध्ये देवघरच्या शाळेतून प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेले देउस्कर १८९३ मध्ये त्याच शाळेत शिक्षक झाले. राजनारायण बसूंचा सहवास त्यांना लाभला. त्यांच्या विद्यार्थ्यांत अरविंदांचे धाकटे बंधू बारींद्रकुमार घोष होते. पुढे बंगालच्या क्रांतिकारक चळवळीत अग्रभागी आलेल्या या तरुणाला इतिहासाचे पहिले पाठ एका मराठी नावाच्या शिक्षकाकडून मिळाले, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

देवघरच्या इंग्रज दंडाधिकाऱ्यावर वृत्तपत्रातून केलेल्या टीकेमुळे देउस्करांना शाळेची नोकरी सोडावी लागली. ते कलकत्त्यास आले आणि ‘हितवादी’ या साप्ताहिकात मुद्रितशोधक झाले. हे पत्र १८९१ मध्ये निघाले तेव्हा त्याच्या आरंभीच्या अंकांतून रवींद्रनाथ ठाकुरांच्या कथा प्रसिद्ध झाल्या होत्या. मुद्रितशोधकापासून संपादकापर्यंतचा देउस्करांचा प्रवास त्याच कचेरीत झाला. १९०७ मध्ये संपादक कालीप्रसन्न काव्यविशारद जपानहून परतताना समुद्रात वारले, आणि पत्राची सूत्रे देउस्करांच्या हाती आली.

घराण्याच्या देशांतराचा तिसरा टप्पा असा कलकत्त्यात पुरा झाला. कोकण ते करौं हे अंतर भूमीचे होते; करौं ते कलकत्ता हे अंतर मुख्यतः भाषेचे होते. कलकत्त्यात आल्यावर देउस्करांना ठरवावे लागले की, मराठी अंतःकरणातले आपल्याला बंगालीत कसे सांगावयाचे.

५

त्यांनी आरंभ इतिहासापासून केला. ‘बाजीराव’, ‘महामति रानडे’, ‘झाँसीर राजकुमार’, ‘आनंदीबाई’ या त्यांच्या बंगाली पुस्तकांची नुसती नावे वाचली तरी त्यांचा संकल्प ध्यानात येतो. शिवाजी महाराज हा विषय बंगालीला नवा नव्हता. भूदेव मुखोपाध्याय यांनी १८५७ मध्ये ‘अंगुरीय विनिमय’ ही कथा आणि रमेशचंद्र दत्त यांनी १८७८ मध्ये ‘महाराष्ट्र जीवन प्रभात’ ही कादंबरी लिहिली होती. परंतु त्या कृतींत महाराज एक दूरचे, रम्य, कथानकास शोभणारे नायक होते. दरम्यान महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेचा उदय ही एका समाजाची जागृती होती, असा सिद्धांत मांडला. टिळकांच्या प्रेरणेने १८९६ पासून रायगडावर शिवाजी उत्सव होऊ लागला होता. देउस्करांनी रानड्यांची दृष्टी आणि टिळकांची प्रेरणा दोन्ही बंगालीत आणल्या. कथेतला नायक त्यांनी विचाराच्या क्षेत्रात आणला.

१९०२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. १९०४ मध्ये त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. ज्या भाषेच्या अंगाईगीतात मराठा म्हणजे बर्गी, त्याच भाषेच्या सर्वश्रेष्ठ कवीने महाराजांना वंदन करावे, ही बंगाली मनातील मोठी उलथापालथ होती. ती एका पुस्तिकेने झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; फाळणीपूर्व काळातील राष्ट्रीय भावनेचे उधाण त्याच्या मागे होते. परंतु त्या उधाणाला मराठी इतिहासाची वाट दाखविणारा माणूस कोण, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे.

या उत्सवाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हव्यात. १९०६ च्या उत्सवाला टिळक, दादासाहेब खापर्डे, डॉ. मुंजे कलकत्त्यास आले. त्या प्रसंगी भवानीच्या मूर्तीची पूजा करण्यात आली आणि त्यावरून मतभेद माजले. मूर्तिपूजा न मानणाऱ्या ब्राह्मांना ती रुचली नाही, आणि ज्या प्रदेशात लोकसंख्येचा मोठा भाग मुसलमान होता तेथे या प्रतीकाचा अर्थ सर्वांना सारखा लागणे शक्य नव्हते. गंगारामाच्या काव्यात मराठ्यांवर रुसलेली भवानी कलकत्त्यात परत आली. पण तिच्या आगमनाने सगळे घर एकत्र आले असे झाले नाही. एका भूमीचे प्रतीक दुसऱ्या भूमीत रुजविताना त्याच्याबरोबर तेथील जुनी भीती व जुने तंटेही जागे होतात. उत्सवाच्या मार्गाने जे साधले नाही ते साधण्यासाठी दुसरा मार्ग हवा होता, आणि तो देउस्करांना तोपर्यंत सापडलेला होता.

६

‘देशेर कथा’ १९०४ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथात ना शिवाजी आहे, ना भवानी. त्याचा विषय परकीय राज्यात हिंदुस्थान कसा दरिद्री झाला, हा आहे. दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी आणि रमेशचंद्र दत्त यांनी इंग्रजीतून सिद्ध केलेले संपत्ती-अपहरणाचे शास्त्र देउस्करांनी बंगाली वाचकाच्या दारात नेले. कारागिरांचा विध्वंस, शेतकऱ्यावरील कर, वारंवार पडणारे दुष्काळ, विलायतेस जाणारा पैसा: या गोष्टी इंग्रजी ग्रंथांत आकड्यांच्या रूपाने होत्याच. देउस्करांचे कार्य असे की, त्यांनी आकड्यांना मातृभाषेचा आवाज दिला. ज्याला इंग्रजी येत नाही तो दुकानदार, तो गावचा शिक्षक, तो विद्यार्थी यालाही आता स्वतःच्या दारिद्र्याचे कारण वाचता येऊ लागले.

देउस्कर आर्थिक शोषणापाशी थांबले नाहीत. ग्रंथात ‘संमोहन चित्तविजय’ असा एक विषय आहे. परकीय सत्ता भूमी जिंकते, मग बाजार जिंकते, आणि शेवटी चित्त जिंकते; जिंकलेल्याला आपली पराधीनता स्वाभाविक, किंबहुना हितकारक वाटू लागते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या विद्वानांनी वसाहतवादाच्या मानसिक बाजूविषयी जे लिहिले त्याची कल्पना एका मुद्रितशोधकाला १९०४ मध्ये आली होती. दोन इतिहासांच्या मध्ये वाढलेल्या माणसाला, मन कसे घडविले जाते याची जाण असावी, यात नवल नाही.

ग्रंथ निघाल्यावर सव्वा वर्षात, १६ ऑक्टोबर १९०५ रोजी, बंगालची फाळणी अमलात आली. स्वदेशी व बहिष्काराच्या चळवळीला जो युक्तिवाद हवा होता तो छापून तयार होता. काही वर्षांतच पाच आवृत्त्या निघाल्या. त्याआधीच, १९०२ च्या सुमारास, जतींद्रनाथ बंदोपाध्याय यांनी अप्पर सर्क्युलर रोडवर तरुणांचे जे केंद्र चालविले होते तेथे देउस्कर इतिहास व अर्थकारण शिकवीत असत. हा रस्ता कशावर बांधला होता ते वर सांगितलेच आहे. मराठ्यांना अडविण्यासाठी खणलेल्या खंदकाच्या रेषेवर एक मराठी शिक्षक बंगाली तरुणांना शिकवीत बसला होता.

अरविंद घोषांनी पुढे नमूद केले आहे की, ‘स्वराज्य’ या शब्दाचा राजकीय स्वातंत्र्याच्या अर्थाने प्रथम उपयोग करण्याचा मान देउस्करांकडे जातो, आणि त्यांच्या या ग्रंथाचा बंगालच्या तरुणांवर विलक्षण परिणाम झाला. १९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेत अध्यक्ष दादाभाईंनी हा शब्द उच्चारला आणि तो देशाचा झाला. प्रथम कोणी वापरला या वादापेक्षा अधिक विचारणीय आहे ती या शब्दाची आधीची कहाणी.

मराठ्यांच्या अठराव्या शतकातील राज्यव्यवहारात ‘स्वराज्य’ हा शब्द एका निश्चित भूप्रदेशाचा वाचक झाला होता. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्या तीन: स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी. थोरल्या महाराजांच्या अंतकाळी त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख म्हणजे स्वराज्य. त्याच्या पलीकडे चौथाई वसूल करावयाची, स्वाऱ्या करावयाच्या, म्हणजे मुलूखगिरी. या परिभाषेप्रमाणे कोकण स्वराज्यात मोडत होते आणि बंगाल मुलूखगिरीत. देऊस गावाहून निघालेल्या घराण्याने स्वराज्याची सीमा ओलांडून मुलूखगिरीच्या प्रदेशात पाऊल टाकले होते. दीडशे वर्षांनी त्याच घराण्यातील एका लेखकाने ‘स्वराज्य’ हा शब्द मुलूखगिरीच्या प्रदेशाला, त्याच्याच भाषेत, अर्पण केला. शब्दाची सीमा त्याने एका प्रांतापासून सगळ्या देशापर्यंत नेली. पूर्वजांनी बंगालकडून चौथाई मागितली होती. वंशजाने बंगालला स्वराज्य दिले. देशांतराचे ऋण याहून पुरेपूर फेडल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

७

शब्द देणे आणि शब्द पाळणे या निराळ्या गोष्टी. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस राष्ट्रीय सभा दुभंगली. ‘हितवादी’च्या मालकांनी देउस्करांना टिळकांच्या विरोधात लिहिण्यास सांगितले. टिळकांना ते राजकीय गुरू मानीत. त्यांनी लिहिण्याचे नाकारले आणि संपादकपद सोडले. मुद्रितशोधकापासून वर्षानुवर्षे कष्टून मिळविलेले हे स्थान होते आणि ते मिळून वर्षही झाले नव्हते. पुढे त्यांनी १९०६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात बंगाली भाषा व हिंदुस्थानचा इतिहास हे विषय शिकविले. मराठी वंशाच्या माणसाकडे बंगालच्या राष्ट्रीय विद्यालयात बंगाली शिकविण्याचे काम यावे, ही कलकत्त्याने त्यांना दिलेली सर्वांत मोठी पदवी मानावी लागेल.

१९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. देउस्करांनी त्याच वर्षी ‘तिलकेर मोकद्दमा’ हे पुस्तक बंगालीत लिहिले. १९१० मध्ये सरकारने ‘देशेर कथा’ आणि हे पुस्तक, दोन्ही जप्त केली. त्याच वर्षी देउस्कर कलकत्ता सोडून करौंला परतले. घरच्या माणसांच्या मृत्यूंनी आणि आजाराने ते खचले होते. २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधी, त्यांचे तेथे निधन झाले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती. १ एप्रिल १९१२ रोजी बिहार व ओरिसा हा नवा प्रांत बंगालपासून वेगळा झाला आणि संताळ परगणा त्यात गेला. बंगाली लेखक म्हणून जगलेले देउस्कर मृत्युसमयी बंगाल प्रांताचे रहिवासी राहिले नव्हते. १९३६ मध्ये ओरिसा निराळा होऊन ते गाव बिहारचे झाले. १५ नोव्हेंबर २००० पासून ते झारखंडात आहे. अठराव्या शतकात घराणे हलले आणि विसाव्या शतकात सीमा हलल्या. एका गावी राहूनही माणसाचे देशांतर होऊ शकते, हे करौंकडे पाहून पटते.

८

देउस्करांबरोबर ही कथा संपली असती तर ती एका माणसाची शोकांतिका ठरली असती. पण देशांतरित घराण्यांचे धागे नात्यांतून पुढे जातात. कोकणातून निघालेले दुसरे एक घराणे काशीस स्थिरावले होते. त्यात १८८३ मध्ये जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर हे देउस्करांचे भाचे. १९०६ मध्ये ते कलकत्त्यास ‘हिंदी बंगवासी’त आले, आणि काही महिन्यांनी ‘हितवार्ता’ या हिंदी साप्ताहिकाचे संपादन करू लागले. मामाने बंगालीत जे केले ते भाच्याने हिंदीत करावयाचे ठरविले. ‘देशेर कथा’चा ‘देश की बात’ हा हिंदी अनुवाद त्यांनी केला. मराठी संस्कारातून उपजलेला, बंगालीत लिहिलेला आणि हिंदीत पोहोचलेला हा ग्रंथ. तीन भाषांची ही वाटचाल एकाच गोतावळ्यात घडली.

पराडकर पुढे ‘भारतमित्र’मध्ये गेले. क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधावरून १९१६ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९२० पर्यंत ते बंदिवासात होते. सुटल्यावर ते काशीस परतले आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘आज’ या दैनिकात रुजू झाले. पुढे त्याचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी वृत्तपत्रीय गद्याला वळण लावले. आज हिंदीत रूढ असलेल्या अनेक राजकीय व आर्थिक पारिभाषिक शब्दांचे जनकत्व त्यांच्याकडे दिले जाते. १९३८ मध्ये ते हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. काशीस जन्मलेले आणि कलकत्त्यात ‘भारतमित्र’चे संपादक झालेले लक्ष्मण नारायण गर्दे, दमोहजवळ जन्मलेले आणि १९०७ मध्ये नागपुरास ‘हिंदी केसरी’ काढणारे माधवराव सप्रे, ही त्याच पंक्तीतील नावे. ही सगळी आडनावे मराठी आहेत, पण मराठी वाङ्मयाच्या अनुक्रमणिकेत ती शोधावी लागतात.

उलट दिशेची वाहतूकही त्याच काळात चालू होती. सत्येंद्रनाथ ठाकुरांनी मुंबई इलाख्यात नोकरी करीत असता मराठी संतकाव्याचा परिचय करून घेतला आणि तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. ज्योतिरिंद्रनाथांनी ‘गीतारहस्या’चा बंगाली अनुवाद केला. परंतु ठाकुर घराण्याच्या मराठी-प्रेमाची नोंद बंगाली वाङ्मयेतिहास अभिमानाने करतो, आणि देउस्करांच्या बंगाली-निष्ठेची नोंद कोणत्या इतिहासाने करावी हे मात्र ठरत नाही. पाहुणा परत आला म्हणजे त्याची कहाणी ऐकली जाते. जो तिकडचाच झाला त्याची कहाणी कोणाची?

९

या प्रश्नाला एक सोपे उत्तर आहे आणि ते टाळले पाहिजे. ‘बंगालच्या जागृतीमागे आपला माणूस होता’ असे म्हणून देउस्करांना मराठी अभिमानाच्या खात्यात जमा करणे, हे ते सोपे उत्तर. पण त्यात देउस्करांनी केलेल्या निवडीचा अनादर आहे. त्यांनी जाणूनबुजून बंगालीत लिहिले. ज्या लोकांच्या मनात आपल्या पूर्वजांविषयी भीती होती त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावयाचे, असा तो निर्णय होता. केवळ रक्ताचा हिशेब मांडला तर हा निर्णयच दिसेनासा होतो. भाषेचाच हिशेब मांडला तर त्या निर्णयाला लागलेली किंमत दिसत नाही.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला जी गोष्ट करता येण्यासारखी आहे ती निराळी. रानड्यांचा इतिहासविचार, टिळकांची पत्रकारिता आणि ‘स्वराज्य’सारखा शब्द मराठीच्या बाहेर कोणत्या मार्गाने गेला, आणि जाताना कसा पालटला, हे त्याने आपल्या कक्षेत घ्यावे. एखाद्या भाषेतील विचाराची थोरवी तिच्या ग्रंथांच्या संख्येवरून जशी ठरते, तशीच त्या विचाराला दुसऱ्या भाषांत कोणते आयुष्य लाभले त्यावरूनही ठरते. या दृष्टीने पाहिले तर ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ बंगालीचाच राहील. पण त्याच्यापर्यंत नेणारी वाट मराठी वाङ्मयाच्या नकाशावर दाखवावी लागेल. देऊस, करौं, देवघर, कलकत्ता आणि काशी ही त्या वाटेवरची मुक्कामाची ठिकाणे.

‘देश की बात’ विसाव्या शतकात बराच काळ दुर्मिळ झाला होता. नॅशनल बुक ट्रस्टने हिंदी समीक्षक मॅनेजर पांडेय यांच्या प्रस्तावनेसह तो पुन्हा उपलब्ध केला, तेव्हा नव्या पिढीच्या हिंदी वाचकाला देउस्करांची ओळख झाली. बंगालीने हा ग्रंथ जन्मास घातला, हिंदीने तो पुन्हा वाचला. ज्या भाषेत करौंच्या त्या आत्याने पोरक्या भाच्याला पहिल्या गोष्टी सांगितल्या, त्या भाषेकडे अजून थोडे येणे आहे.